तिहारातलं काठमांडू आणि चौताऱ्याची थोरली

निघण्याआधी

यंदाची दिवाळी, म्हणजे तिथला तिहार, आम्ही दोघांनी नेपाळमध्ये केली. मी साताऱ्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आमचे हे महावितरणमधले, आता दोघंही रिटायर. काठमांडू खोऱ्यात ललितपूरच्या दक्षिणेला, चापागावच्या वाटेवर एक छोटं बालगृह आहे, तिथल्या एका मुलीच्या शाळेचा खर्च आमची भिशी बऱ्याच वर्षांपासून उचलतेय. ती आता बारावी सायन्सला आहे आणि पुढं पुण्यात येऊन फिजिओथेरपी शिकायचं म्हणतेय. शाळेची फी भरणं वेगळं आणि पोरीला देश सोडून बोलावून घेणं वेगळं, त्यामुळे तिच्या घरच्यांना भेटल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही असं भिशीत सगळ्यांचं ठरलं.

हो, घरच्यांना. तिला आई आहे, धाकटा भाऊ आहे. हे आधीच लिहिते, कारण अनाथाश्रम म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं कुणीच नसलेली मुलं येतात आणि नेपाळमध्ये तरी बहुतेक ठिकाणी तसं नाहीये. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफनं सांगितलं होतं की तिथल्या बालगृहांमध्ये भूकंपाच्या आधीपासूनच १५,००० च्या आसपास मुलं होती आणि त्यातल्या ८५ टक्क्यांहून जास्त मुलांची आई किंवा वडील, निदान एकजण तरी हयात होतं. मग ही मुलं तिथं आली कशी? १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्ला-जुम्लासारख्या लांबच्या डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरायचे, शहरात चांगली शाळा मिळेल, बंदूक हातात घ्यावी लागणार नाही असं सांगून आईबापांकडूनच पैसे घ्यायचे आणि मुलं काठमांडूला आणून सोडायचे. आजही बालगृहं बघा, बहुतेक सगळी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की (म्हणजे पोखरा), चितवन इथंच. जिथं टुरिस्ट तिथंच. अनाथ मुलं काय फक्त तिथंच जन्माला येतात?

मुलांची नावं, बालगृहाचं नाव आणि फोटो टाकत नाही, तो तिथला नियम आहे आणि मला तो मनापासून पटतो. मुलीला इथं थोरली म्हणते, तिथल्या सगळ्यांत तीच मोठी.

जायच्या आधी आमच्याकडून पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, व्हिडिओ कॉलवर चांगला तासभर प्रश्न विचारले. तुम्हाला काय येतं, तेच करा, असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचं आणि ह्यांनी तिथल्या स्थानिक वायरमनबरोबर बसून इमारतीचं वायरिंग आणि इन्व्हर्टर तपासायचा. रात्री बालगृहात राहायचं नाही, मुलांना एकटं बाहेर न्यायचं नाही, लहान मुलांना कडेवर घेऊन हिंडायचं नाही, चॉकलेटं-खेळणी आणायची नाहीत. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हीच पहिली खूण. जी संस्था एवढं विचारते तिथं जा. जी म्हणते आठवड्याचे अमुक पैसे भरा आणि उद्यापासून मुलांशी खेळायला या, तिथं कृपा करून जाऊ नका.

आणि पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करायला नेपाळमध्ये परवानगी नाही. आपल्याला व्हिसाच लागत नाही म्हणून हा प्रश्न आपोआप मिटतो असं समजू नका, संस्थेला सांगून त्यांच्या पालिकेला आधी कळवायला लावा. आमच्या संस्थेनं आपणहून कळवलं होतं.

काग तिहार

मुंबईहून विमानानं गेलो, प्रवास सुरळीत झाला. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, १५ ते ६५ वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. आपल्या १०० रुपयांचे त्यांचे १६०, १९९३ पासून हाच दर आहे त्यामुळे हिशोब सोपा. शंभराच्या नोटा जवळ ठेवा, आणि २०२४ पासून फोनपेचा (Fonepay, ही नेपाळी कंपनी, आपलं PhonePe नव्हे) क्यूआर असलेल्या बऱ्याच दुकानात आपलं यूपीआयसुद्धा चालतं.

तिहार पाच दिवसांचा, आपल्या दिवाळीच्याच आगेमागे. पहिला दिवस कावळ्याचा. सकाळी बालगृहाच्या गच्चीवर पोरांनी पानांच्या द्रोणांमध्ये भात, दही, सेल रोटी या तळलेल्या गोड पदार्थाचे तुकडे मांडले होते. आपल्याकडे कावळ्याला घास फक्त पितृपक्षात नाहीतर दहाव्याला, आणि इथं सणाची सुरुवातच त्याच्यापासून. यमाचा निरोप्या म्हणून त्याला आधी खूश करायचं.

बालगृहात मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच शांतता होती. बहुतेक मुलं दशैंलाच, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, गावी गेलेली आणि तिहार करूनच परत येणार होती. इथली पद्धतच अशी आहे की ज्याचं कुणीही सापडलं, आई, काका, आजी, त्यानं सणाला तिकडंच जायचं, बसचं भाडं संस्था देते. आधी सणापुरतं जायचं, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि जमलं तर कायमचं घरी, शाळेचा खर्च तिकडं पाठवायचा. गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडची मुलं कमी कमी होत चाललीत आणि संस्थेच्या दिदी हे अभिमानानं सांगतात. त्यांच्या टेबलामागं एक फळा होता, त्यावर घरी परत गेलेल्या मुलांच्या गावांची यादी. दोलखा, रामेछाप, कालिकोट, हुम्ला. देणगीदारांसाठी आपण पाट्या लावतो ना, तशी एकही पाटी भिंतीवर नव्हती.

राहिलेली मुलं अगदी मोजकी. ज्यांचं कुणीच सापडलं नाही ती, आणि एक-दोन अभ्यासासाठी थांबलेली. थोरलीसुद्धा अजून गेली नव्हती, भाईटीकेच्या आदल्या दिवशी तिला निघायचं होतं.

तिला प्रत्यक्ष पहिल्यांदाच भेटले. फोनवर बोलणं व्हायचं तेव्हा ती फारच हळू बोलायची. समोर आल्यावर नमस्ते केलं, ह्यांच्या हातातली बॅग घेतली, आणि चहा येईपर्यंत तिनं रेझिस्टन्सच्या गणिताची वही उघडूनसुद्धा ठेवली होती. फार आवडली मला ती.

कुकुर तिहार

सकाळी थंडी चांगली होती, दहापर्यंत धुकं, मग एकदम स्वच्छ ऊन आणि उत्तरेला बर्फाची रांग. आज कुत्र्यांचा दिवस. रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर लाल टिका, ट्रॅफिक पोलिसाच्या शेजारी बसलेल्या कुत्र्यालासुद्धा. बालगृहाच्या फाटकाशी एक म्हातारी काळी कुत्री असते, तिला मुलांनी आंघोळ घातली, माळ घातली, अंडं खायला घातलं, आणि ती दिवसभर माळ न तोडता तशीच ऐटीत बसून होती.

दुपारी वर्ग घेतला. नेपाळमधली बारावीची बोर्डाची परीक्षा साधारण वैशाखाच्या सुमारास असते. शाळेत सगळं इंग्रजीतून चालतं त्यामुळे मला भाषेची अडचण आली नाही, आणि अडलं तर हिंदी सगळ्यांना कळते. थोरलीचं बायो पक्कं आहे, फिजिक्समध्ये मेकॅनिक्स कच्चं. तिच्याबरोबर अकरावीचा एक मुलगा बसायचा, त्याचे वडील गोव्यात हॉटेलात कामाला आहेत, आई नाही. त्यानं मला कोकणीतले दोन-चार शब्द म्हणून दाखवले, वडिलांनी फोनवर शिकवलेले. सुदूरपश्चिमच्या अछाम, बझाङ, डोटीकडची कितीतरी माणसं आपल्याकडे वॉचमन म्हणून, हॉटेलात, बागांमध्ये राबतात. आपल्या सोसायटीच्या गेटवर उभा असलेल्या माणसाची मुलं कुठं वाढतायत हा विचार मी इतकी वर्षं कधी केला नव्हता, आता गावी आल्यावर पहिलं तेच विचारलं आमच्या कोपऱ्यावरच्या दाजूला, म्हणजे नेपाळी वॉचमनदादाला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून थोरलीनं तिची गोष्ट सांगितली. लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाली नाव सोडून सगळं लिहा.

ती सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली, चौताऱ्याजवळची. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला तो शनिवार होता, नेपाळात शनिवारी शाळेला सुट्टी म्हणून शाळेतली मुलं वाचली, असं तिथं सगळेच सांगतात. एकट्या सिंधुपाल्चोकात साडेतीन हजारांवर माणसं गेली, तिचे वडील त्यातच गेले. घर पडलं, आई पत्र्याखाली दोन मुलांना घेऊन. काही महिन्यांनी ओळखीचाच एकजण आला, काठमांडूला मोफत शाळा आहे म्हणाला, आईकडून एका कागदावर अंगठा घेतला आणि वर खर्चाचे म्हणून पैसेही घेतले. खरं तर तेव्हा सरकारनं आईबापांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली होती, नवीन बालगृहांची नोंदणीसुद्धा थांबवली होती, याच भीतीनं. तरीही ती गेली. ज्या घरात तिला ठेवलं त्याचं नाव इथं लिहीत नाही. तिथं परदेशी पाहुणे यायचे, आठवडाभर राहायचे, मुलांना मांडीवर घ्यायचे, फोटो काढायचे, रडत रडत जायचे. पाहुणे आले की जुने फाटके कपडे घालायला लावायचे आणि कुणी विचारलं तर आईबाबा दोघंही गेले असं सांगायचं. ती म्हणाली, प्रत्येक पाहुणा गेला की लहान मुलं आजारी पडायची. जेवायची नाहीत. आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा तसंच चिकटायची.

मला तिथं काही बोलताच आलं नाही. ती मात्र मुळा किसत होती, थांबली नाही.

पुढं कुणीतरी १०९८ ला फोन केला, मुलांच्या मदतीचा हा नंबर आपल्याकडे आहे तोच नेपाळातही आहे, आणि ते घर बंद झालं. तिथून ती या बालगृहात आली आणि इथल्या लोकांनी तिची आई शोधून काढली. नुसतं गावाचं नाव आणि शाळेजवळचं एक पिंपळाचं झाड एवढ्यावरून.

जेवायला डाळ-भात, रायोची म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी, गुन्द्रुक आणि मुळ्याचं लोणचं. गुन्द्रुक म्हणजे पालेभाजी आंबवून वाळवलेली, त्याचं आमटीसारखं करतात, आंबट आणि खमंग, थंडीत फारच छान लागतं. बटाट्याच्या अचारात तीळ आणि टिमूर घालतात, टिमूर आपल्या तिरफळाच्याच जातीतलं, जिभेला तीच झिणझिण. मी येताना घेऊन आले.

लक्ष्मीपूजन

सकाळी गाईची पूजा, संध्याकाळी लक्ष्मीची. रस्त्यापासून घरातल्या देवापर्यंत लाल माती-शेणाची पट्टी सारवतात, त्यावर पावलं काढतात आणि दोन्ही बाजूंनी पणत्या. ह्यांनी दिवसभर खपून वायरमनबरोबर मुलांच्या खोल्यांमधलं अर्थिंग नीट करून घेतलं आणि ते काम संस्थेच्या माणसाला शिकवलंसुद्धा, म्हणजे पुढच्या वेळी कुणाची वाट बघायला नको. आपण काहीतरी करून निघून यायचं आणि मागं त्यांनी आपली आठवण काढत बसायचं, त्यापेक्षा हे बरं.

रात्री भैलो, म्हणजे तिहारची गाणी म्हणायला शेजारच्या मुली आल्या, आमच्या मुलीही त्यांच्यात मिसळून दारोदार गेल्या. सुपात तांदूळ, सेल रोटी, पैसे पडतात. सेल रोटी म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड कडी, तेलातुपात तळलेली, दिसायला आपल्या कडबोळ्याची थोरली बहीण.

म्ह पूजा

गोवर्धनपूजेच्याच दिवशी काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांचं नवीन वर्ष आणि म्ह पूजा, म्हणजे स्वतःच्या देहाची पूजा. बालगृहाच्या दिदी नेवार, तिथल्या पाटणच्या, म्हणजे ललितपूरच्या. त्यांनी हॉलमध्ये एका रांगेत जमिनीवर मंडलं काढली, प्रत्येक मुलापुढं एक, आम्हा दोघांपुढंही एकेक. तेल, तांदूळ, फुलं, फळं, लांब लांब वाती, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात सगुन, म्हणजे शुभशकुनाचा प्रसाद. ज्या मुलांचं कुणीच सापडलं नाही त्यातला एक सात-आठ वर्षांचा मुलगा स्वतःच्या मंडलाकडे इतका एकटक बघत होता की बास. या दिवशी दुसऱ्या कुणाची नाही, तुझी पूजा, असं त्याला दिदी सांगत होत्या.

थोरली सकाळीच चौताऱ्याच्या बसनं गेली. उद्या भावाला टिका लावायला.

भाईटीका

ही आपली भाऊबीज, पण ओवाळणीच्या आधीचा विधी मोठा. बहीण भावाभोवती दुर्वांनी तेलाचं आणि पाण्याचं रिंगण घालते म्हणजे यम आत येऊ शकत नाही, दारात अक्रोड फोडते, कपाळावर सात रंगांचा टिका लावते आणि मखमलीच्या फुलांची माळ घालते, ही जांभळी फुलं लवकर सुकत नाहीत म्हणून तीच.

बालगृहात सकाळी मुलींनी मुलांना टिका लावला. नंतर दिदी आणि संस्थेची माणसं दोन मुलांना घेऊन राणी पोखरीला निघाली, आम्ही बरोबर गेलो. शहराच्या मध्यभागी हे तळं, राजा प्रताप मल्लानं १६७० मध्ये बांधलं, मुलगा गेल्याच्या दुःखात बुडालेल्या राणीसाठी. मध्ये बालगोपालेश्वराचं देऊळ आहे. २०१५ ला ते पडलं, पुन्हा बांधून २०२० मध्ये पूर्ण झालं. सर्वसामान्यांसाठी ते भाईटीकेच्या दिवशी उघडतं, आणि ज्यांना भाऊ किंवा बहीण नाही ती माणसं या दिवशी तिथं दर्शनाला येतात.

रांग पार रस्त्यापर्यंत. म्हातारे आजोबा, कॉलेजातली मुलं, पोलीस, कडेवर बाळ घेतलेली एक बाई. मला वाटलं होतं वातावरण उदास असेल, पण तसं काहीच नव्हतं. माझ्या पुढं उभ्या असलेल्या आजी सांगत होत्या, त्या लग्न होऊन आल्यापासून इथं येतात, आणि रांगेत दरवर्षी भेटणाऱ्या एका गृहस्थांना त्या आता बाहेर आल्यावर टिकाही लावतात. आमच्या बरोबरच्या त्या लहानग्यानं रांगेकडे मान वळवून वळवून पाहिलं आणि दिदींना विचारलं, एवढ्या सगळ्यांना कुणी नाही? दिदी म्हणाल्या, एवढे सगळे आहेत.

जाणाऱ्यांसाठी, पहाटे लवकर जा, दहानंतर रांग फार वाढते. चपला आणि मोठ्या बॅगा शक्यतो आणूच नका. आणि त्या दिवशी हॉटेलं-दुकानं बरीच बंद असतात, खायचं जवळ ठेवा.

चौताऱ्याची वाट

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सामाजिक कार्यकर्त्या ताईंबरोबर जीपनं निघालो. भक्तपूर ओलांडून सांगाच्या खिंडीत आलो की महादेवाची ती प्रचंड उभी मूर्ती दिसते. सांगालाच मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णांचं पुनर्वसन केंद्र आहे. भूकंपात ज्यांच्या पाठीला, कमरेला मार बसला अशी कितीतरी माणसं तिथं महिनोन्महिने होती, थोरलीचा मामासुद्धा. सुट्टीत ती त्याला बघायला जायची, तिथल्या फिजिओथेरपिस्टनं त्याला बारच्या आधारानं उभं केलेलं तिनं पाहिलं, आणि तेव्हापासून हेच शिकायचं हे तिच्या डोक्यात आहे. काठमांडू विद्यापीठाचा हा कोर्स धुलीखेलला आहे, पण जागा फारच थोड्या. म्हणून पुणे.

बनेपा, धुलीखेल, पाँचखाल, मग उतरत उतरत दोलालघाट. इथं इंद्रावती आणि सुनकोशी मिळतात, नदीकाठच्या टपऱ्यांवर तळलेले छोटे मासे मिळतात, चिउऱ्याबरोबर, म्हणजे पोह्यांबरोबर. ह्यांनी दोनदा मागून घेतले. तिथून पुढं चढ, वळणं, धूळ, आणि वर गेल्यावर समोर जुगल हिमालाची रांग इतकी जवळ की मी जीप थांबवायला लावली.

घर चौताऱ्याच्या खाली, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात. सरकारनं भूकंपग्रस्तांना घर बांधायला ३ लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्यानं दिले होते, त्यातून उभ्या राहिलेल्या दोन खोल्या. अंगणात कोदोची, म्हणजे आपल्या नाचणीची कणसं वाळत घातलेली. थोरली काठमांडूत दिसते त्यापेक्षा इथं वेगळीच होती, मोठ्यानं बोलत होती, भावावर ओरडत होती, डोक्याला ओढणी बांधून कणसं बडवत होती. भावाच्या कपाळावर कालचे सात रंग अजून होते.

आईनं ढिंडो केला, कोदोच्या पिठाची घट्ट उकड, बरोबर ताक आणि रायोची भाजी. आपली नाचणीची उकड खाल्लेल्याला अजिबात नवीन वाटणार नाही. मी चुलीपाशीच बसले. जेवणं झाल्यावर बोलणं सुरू झालं. आई हळूहळू नेपाळीत बोलत होती, ताई हिंदीत सांगत होत्या.

तिनं पहिलं विचारलं, राहणार कोणाबरोबर? मी हॉस्टेलचं सांगितलं, सुट्टीत साताऱ्याला आमच्याकडे, आमच्या सुनेचा नंबर, सगळं. दुसरं विचारलं, शिकून तिथंच राहिली तर? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते मी बनवलंही नाही. थोरली मध्येच म्हणाली, सांगाला परत यायचंय मला. आई म्हणाली, आत्ता तसंच वाटतं.

मग तिनं कागद मागितला. संस्थेनं नेपाळीत संमतीपत्र केलं होतं, शिक्षण कुठं, किती वर्षं, खर्च कोण करणार, मुलीला परत यायचं असेल तर काय, सगळं. तिनं ते मुलाच्या हातात दिलं, तो आठवीत आहे, आणि मोठ्यानं वाचायला लावलं. पूर्ण वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मागच्या वेळी अंगठा दिलेल्या कागदावर काय होतं ते तिला फार उशिरा कळलं होतं. त्यावर लिहिलं होतं की या मुलीला कुणीही नाही.

त्या दिवशी तिनं सही केली नाही. दीर आणि भावाशी बोलते म्हणाली, कागद देवाच्या फळीवर ठेवला. एकच अट तिनं तेव्हाच सांगितली, दरवर्षी दशैंला पोरगी घरी आली पाहिजे. परतीच्या वाटेवर ताई जरा काळजीत होत्या, मला मात्र त्या माउलीनं कागद ठेवून घेतला याचंच फार बरं वाटलं. तिचा निर्णय आहे, तिनं तिच्या वेळेनं घ्यावा.

परत आल्यावर, ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी

काही आठवड्यांनी आईची सही आली, वडा म्हणजे वॉर्ड कार्यालयाच्या शिक्क्यासकट. त्या दरम्यान आम्ही जी माहिती गोळा केली ती लिहिते.

नेपाळी मुलांना भारतात शिकायला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून. पण नागरिकतेचं प्रमाणपत्र हवंच, ते सोळा वर्षं झाल्यावर निघतं आणि त्याला आईवडिलांचे कागद, वडाची सिफारिस लागते. थोरलीची आई सापडली म्हणूनच तिचं प्रमाणपत्र झालं, वडिलांची मृत्युदर्ता, म्हणजे मृत्यूच्या नोंदीचा कागदसुद्धा आईनंच जपून ठेवला होता. ज्यांचं कुणीच सापडत नाही त्यांनाही २०१५ च्या संविधानानं हक्क दिलाय, पण प्रत्यक्षात खेपा खूप होतात. त्यामुळे प्रायोजक व्हायचं असेल तर फीच्या आधी कागदांसाठी मदत करा, चौदा-पंधरा वर्षांपासूनच मागं लागा.

महाराष्ट्रात सरकारी प्रवेशप्रक्रियेतून फिजिओथेरपीला जायचं तर नीट (NEET) ही परीक्षा लागते, काठमांडूत तिचं केंद्र असतं. अभिमत विद्यापीठांचे नियम आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी वेगळी, ती लेखी विचारून घ्या. पदवी घेऊन नेपाळात काम करायचं तर तिथल्या नेपाल स्वास्थ्य व्यवसायी परिषदेत नोंदणी लागते, म्हणून कॉलेज तिथं मान्य आहे का ते प्रवेशाआधीच बघायचं. काठमांडूतल्या भारतीय दूतावासाच्या शिष्यवृत्त्याही असतात, त्यांची जाहिरात बघत राहायची.

एक गोष्ट भिशीत आम्ही स्पष्ट ठरवून घेतली. पैसा पुण्यासाठी नाही, थोरलीसाठी आहे. नीटमध्ये जमलं नाही, किंवा धुलीखेलला जागा मिळाली, किंवा तिला आईजवळ राहून दुसरंच काही शिकावंसं वाटलं, तरी तो तसाच तिच्या शिक्षणाला जाईल. इथून नेपाळला पैसे पाठवायचे तर बँकेतून भारत-नेपाळ रेमिटन्सची सोय आहे, एका वेळी २ लाखांपर्यंत. पुण्याला आली तर फी थेट कॉलेजला आणि खर्चाचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यावर, मधे कुणी नाही, आम्हीसुद्धा नाही. आणि तिला आम्हाला दर महिन्याला पत्र लिहायची, फोटो पाठवायची सक्ती नाही. तिनं तिच्या आईला फोन करावा.

लहान मुलांसाठी काही करावंसं वाटणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते की आधी विचारा, हे मूल घरी राहावं म्हणून काय लागेल? बहुतेक वेळा उत्तर असतं शाळेची फी, दप्तर, आईला एक शेळी किंवा औषधपाणी. बालगृहात एक मूल ठेवायला जो खर्च येतो त्याच्या कितीतरी कमी पैशात ते मूल आईपाशी शिकतं, हे दिदींनी आम्हाला त्यांच्या वह्या उघडून दाखवलं. आमच्या भिशीतल्या दोघी आता कालिकोटच्या दोन भावंडांच्या शाळेचा खर्च गावातच पाठवतात.

मी आता शनिवारी संध्याकाळी थोरलीचा ऑनलाइन क्लास घेते, तो गोव्यातल्या वडिलांचा मुलगाही बसतो. तिचं मेकॅनिक्स सुधारतंय, रोटेशनल मोशन अजून बाकी आहे. दशैंच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाचे पैसे आईच्या अटीप्रमाणे आम्ही सगळ्यात आधी बाजूला काढलेत, पुणे ते गोरखपूर रेल्वे, पुढं सुनौलीहून काठमांडूची बस आणि तिथून चौतारा, असा हिशोब धरून.